जातिवंत घोड्याचा मोतद्दार

'थरोब्रेड'ला मराठीत सरसकट 'जातिवंत' म्हणतात. शब्द रुबाबदार आहे, आणि मला तो फार पूर्वीपासून खटकत आलाय. माझे वडील पुण्यात रेसकोर्सजवळच्या एका तबेल्यात सदतीस वर्षं मोतद्दार होते. त्यांच्या तोंडून हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. तिथं 'घोडं' असायचं, 'जनावर' असायचं; 'खानदानी आहे' वगैरे कौतुक मालक लोक करायचे, तेही रविवारी, इस्त्रीच्या कपड्यांत. 'जातिवंत' मला भेटला तो शाळेच्या पुस्तकात. पुढे लग्नाच्या वयात त्याची खरी ओळख पटली. बायोडेटात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'मोतद्दार' लिहू नये, 'रेसकोर्सवर नोकरी' लिहावं, असं मामांनी सुचवलं. आम्ही तसं लिहिलं. मग एका स्थळाकडून विचारणा आली, की मुलीचे वडील बुकी आहेत का?

तर जातिवंत. थरोब्रेड घोड्याची व्याख्या त्याच्या वेगावर नाही, वहीवर आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमध्ये पूर्वेकडून तीन नर आणले गेले: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. आज जगात जेवढे थरोब्रेड आहेत, ते बापाच्या बाजूनं मागे मागे जात या तिघांपैकी एकाशी पोचतात. १७९१ मध्ये वेदरबी नावाच्या माणसानं वंशावळीची पहिली वही छापली. ज्याचे आईबाप वहीत, तोच वहीत. एखादं शिंगरू वाऱ्यासारखं पळालं पण आई वहीबाहेरची निघाली, तर ते थरोब्रेड नाही. कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी आणि घोडा समोरासमोर यावे लागतात. कधीही जन्मलं तरी उत्तर गोलार्धात प्रत्येकाचा वाढदिवस १ जानेवारीला. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्या पोरांची जन्मतारीख १ जून लिहायचे, त्यातलाच प्रकार.

या वहीतल्या एका घोड्याचा मी गेली काही वर्षं नाद लावून घेतलाय. अमेरिकेतला सेक्रेटरिएट. त्याच्यावर इंग्रजीत पुस्तकं आहेत, सिनेमा आहे, पुतळे आहेत. मी त्याच्याकडे गेले ती मात्र त्याच्या मोतद्दारामुळे.

आधी वंशावळ, कारण तिच्यात पुणं येतं. सेक्रेटरिएटचा बाप बोल्ड रूलर, आजोबा नसरुल्ला. नसरुल्लाची पैदास केली तिसऱ्या आगा खानांनी, त्यांच्या आयर्लंडमधल्या स्टडवर. नगर रोडवरचा आगा खान पॅलेस बांधला तेच हे. नसरुल्लाच्या आईचं नाव मुमताज बेगम आणि तिच्या आईचं मुमताज महल. म्हणजे व्हर्जिनियातल्या कुरणात जन्मलेल्या या तांबूस घोड्याच्या पणजीचं आणि खापरपणजीचं नाव अण्णांना सहज उच्चारता येण्यासारखं होतं. त्याचं स्वतःचं नाव मात्र त्यांना जमेना. मी म्हटलं, "अण्णा, सेक्रेटरिएट म्हणजे सचिवालय." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "सचिवालय? आन् पळायचा?"

नावाची गोष्ट अशी, की मालकांनी पाठवलेली नावं एकामागून एक नाकारली गेली. मग स्टेबलच्या सेक्रेटरी एलिझाबेथ हॅम यांनी हे नाव सुचवलं. जिनिव्हातल्या जुन्या नोकरीत त्यांचा 'सेक्रेटरिएट'शी संबंध आला होता.

त्याच्या जन्माआधीच एक नाणं उडवलं गेलं होतं. व्हर्जिनियातल्या मेडो स्टडचे मालक क्रिस्टोफर चेनरी आणि बोल्ड रूलर ज्यांचा होता ते फिप्स कुटुंब यांच्यात करार होता. चेनरींनी दरवर्षी दोन घोड्या पाठवायच्या, आणि होणारी शिंगरं नाणं उडवून वाटून घ्यायची. नाणेफेक जिंकेल त्यानं पहिल्या वर्षीच्या दोन शिंगरांतून निवड करायची; दुसऱ्या वर्षी पहिली निवड हरणाऱ्याची. १९६९ मध्ये गंमत झाली. पुढच्या वर्षासाठी पाठवलेल्यांपैकी एकच घोडी गाभण राहिली, समथिंगरॉयल. म्हणजे जिंकणाऱ्याला एक शिंगरू आणि हरणाऱ्याला दोन. दोन्ही बाजूंना हरायचं होतं. ऑग्डेन फिप्स दुर्दैवानं जिंकले. त्यांनी समथिंगरॉयलचीच आदल्या वर्षीची मादी निवडली. तिचं नाव पुढे द ब्राइड ठेवलं गेलं आणि तिनं आयुष्यात एकही शर्यत जिंकली नाही. चेनरींच्या वाट्याला दुसरं शिंगरू आणि पोटातलं एक आलं. तेच आईबाप, तेच रक्त, तीच वही. एक पळाला, एक पळाली नाही. रक्ताबद्दल छातीठोक बोलणाऱ्या माणसांसमोर मला नेहमी ही सख्खी बहीण आणून उभी करावीशी वाटते.

३० मार्च १९७०, मध्यरात्र उलटून दहा मिनिटं. शिंगरू तांब्याच्या रंगाचं, कपाळावर चांदणी आणि तिच्यातून खाली उतरणारी बारीक रेघ, तीन पाय पांढरे. फोटो पाहून अण्णा म्हणाले, "एक पाय चुकला. न्हाईतर पंचकल्याणी." चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला घोडा शुभ, हे त्यांच्या गावाकडचं शास्त्र.

गाव म्हणजे सातारा जिल्ह्यातला माण तालुका. अण्णा पुण्याला आले ते १९७३ च्या उन्हाळ्यात, सोळा-सतरा वर्षांचे असताना, दुष्काळामुळे. त्याआधी वर्षभर ते आणि आजी खडी फोडायच्या कामावर होते. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो. लालसर रंगाची, अमेरिकेतून आलेली ज्वारी. त्या पिढीतल्या कुणाहीसमोर मिलोचं नाव काढा, तोंड वाकडं होतं. भाकरी थापली की चिरते, खाल्ली की पोटात दगड. तिकडे हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात, हे अण्णांना खूप उशिरा कळलं, माझ्याकडून. ते चिडले नाहीत. म्हणाले, "जनावरालाबी कशी जात आसंल?"

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कमधल्या एका ठाणात सेक्रेटरिएट दिवसाला पंधरा क्वार्ट ओट्स खात होता. आपल्या मापात चौदा लिटरच्या आसपास, शिवाय गवत वेगळं. तो खादाड म्हणून प्रसिद्ध होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाचणाऱ्याला लगेच एक लेख सुचतो, हे मला माहीत आहे. तो लेख मला लिहायचा नाही. अण्णांनी तो आकडा ऐकला आणि त्यांना पहिल्यांदा त्या घोड्याबद्दल आदर वाटला. मोतद्दाराची सकाळ चंदीच्या टोपल्यापासून सुरू होते. पहाटे चारला ठाणात शिरलं की आधी टोपल्यात हात घालायचा. तळ चाटून साफ असेल तर घोडं बरं आहे. मूठभर जरी उरलं असेल तर काहीतरी बिघडलंय: ताप, दात, पोट, किंवा नुसता मूड. ट्रेनर, डॉक्टर, मालक यांच्या आधी ते मोतद्दाराला कळतं. कळतं आणि बहुतेक वेळा विचारलं जात नाही.

सेक्रेटरिएटच्या टोपल्यात हात घालणाऱ्याचं नाव एडी स्वेट. दक्षिण कॅरोलायनातल्या हॉली हिलचा, १९३९ चा जन्म, काळा माणूस. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं शेती करणारा, घरात नऊ भावंडं. ट्रेनर लुसियन लॉरिन यांचा फार्म जवळच होता. पोरगा कुंपणापाशी उभा राहून घोडी बघायचा, तिथंच कामाला लागला. लॉरिननी १९७२ मध्ये ज्या घोड्यावर केंटकी डर्बी जिंकली तो रिव्हा रिज आणि पुढल्या वर्षीचा सेक्रेटरिएट, दोघंही एडीच्याच हाताखालचे. तो घोड्याशी अखंड बोलायचा. खरारा करताना, पायांना पट्ट्या बांधताना, ठाण झाडताना. लोक त्याला सांगायचे, की घोडा तुझ्याच आवाजाला कान टवकारतो.

मला हे वाचताना विचित्र वाटलं होतं, कारण अण्णा घरी जवळजवळ मुके असायचे. सीझन पुण्याचा असो वा मुंबईचा (पावसाळा संपला की घोडे ट्रकमधून घाट उतरून महालक्ष्मीला जायचे, अण्णा सोबत, ते एप्रिलनंतर परत), आमच्याशी त्यांची वाक्यं दोन-तीन शब्दांची. मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा डबा द्यायला तबेल्यात गेले आणि बाहेरूनच त्यांचा आवाज ऐकला. ते एका घोडीला गावाकडच्या विहिरीचा तंटा सविस्तर सांगत होते.

सेक्रेटरिएट पहिली शर्यत हरला. ४ जुलै १९७२, अॅक्विडक्ट, साडेपाच फर्लांग. सुटतानाच दुसऱ्या घोड्यानं जोरात धडक दिली, अडकला, तरी चौथा आला. त्यानंतर जिंकत गेला. त्या मोसमात नऊ शर्यती, सात विजय, आणि दोन वर्षांचा असतानाच 'हॉर्स ऑफ द इयर'.

आणि आता पैसा. मी बँकेत काम करते, त्यामुळे या भागाकडे माझं लक्ष जरा जास्त गेलं. जानेवारी १९७३ मध्ये म्हातारे चेनरी वारले. मुलगी पेनी घोड्यांचं सगळं बघत होती. तिच्यासमोर वारसा कराचा डोंगर उभा राहिला. केंटकीच्या क्लेबॉर्न फार्मचा सेथ हॅनकॉक, वय वर्षं तेवीस, वडील नुकतेच गेलेले. त्यानं फोनवर फोन लावून घोड्याचे बत्तीस हिस्से केले. एका हिश्श्याची किंमत १,९०,००० डॉलर, एकूण ६० लाख ८० हजार. तोपर्यंत कुठल्याही घोड्याला एवढी किंमत आली नव्हती. हिस्सेदाराला काय मिळणार? शर्यतींच्या बक्षिसातला वाटा नव्हे. त्याला मिळणार दरवर्षी आपली एक घोडी या घोड्याकडे पाठवण्याचा हक्क. आणि अट: १९७३ संपलं की शर्यती बंद.

म्हणजे ज्या शर्यतींसाठी जग त्याला ओळखतं त्या पळण्याआधीच त्याची निवृत्तीची तारीख ठरली होती. कारण चौथ्या वर्षी पाय मोडला तर बत्तीस जणांचं भांडवल बुडणार. पाय जोखमीचे, रक्त सुरक्षित. ताळेबंदाच्या भाषेत यात काहीच चूक नाही. मी स्वतः कर्ज मंजुरीच्या टेबलावर असते तर हीच अट घातली असती.

करार झाल्यावर दोनच महिन्यांत तो वुड मेमोरियल हरला. तिसरा आला. हिस्सेदारांच्या पोटात गोळा. नंतर कारण समजलं: वरच्या ओठाच्या आत गळू झालं होतं. लगाम खेचला की ठणका. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मोतद्दाराला कसं न्हाई दिसलं?" बराच वेळ गप्प राहून त्यांनीच उत्तर दिलं. "दिसलं आसंल. सांगायचं कुणाला, ते कळलं नसंल." एडीला दिसलं होतं का, यावर मी काही म्हणणार नाही. पण ते उत्तर एडीबद्दल नव्हतं, हे मला कळलं.

मग तीन शर्यती आल्या. अमेरिकेत डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तीन शर्यती एकाच घोड्यानं पाच आठवड्यांत जिंकल्या तर त्याला ट्रिपल क्राउन म्हणतात. १९४८ नंतर पंचवीस वर्षं कुणालाही ते जमलं नव्हतं. ५ मे १९७३ ला केंटकी डर्बीत सेक्रेटरिएट शेवटून सुटला आणि प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा कमी वेळात पळाला. सव्वा मैलाच्या शर्यतीत घोडा दमत जातो, मंदावत जातो. हा उलटा चालला होता. वेळ एक मिनिट ५९ सेकंद आणि दोन पंचमांश. प्रीकनेसही जिंकली, तिथलं घड्याळ बिघडल्यामुळे वाद झाला आणि खरी वेळ, एक मिनिट ५३ सेकंद, अधिकृत व्हायला २०१२ उजाडलं.

बेलमाँट ९ जूनला. दीड मैल, म्हणजे महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीइतकंच अंतर, चोवीसशे मीटर. बोल्ड रूलरची पिल्लं वेगवान, पण लांब पल्ल्याला दम धरत नाहीत, असं जाणकारांचं मत. पाचच घोडे सुटले. त्यात शॅम होता. डर्बी आणि प्रीकनेस दोन्हींत अडीच-अडीच लेंग्थनं दुसरा आलेला, दुसऱ्या कुठल्याही वर्षी सहज राजा झाला असता असा घोडा. सुटल्यापासून दोघं खांद्याला खांदा लावून इतके वेगात निघाले की दोघंही मरणार असं बघणाऱ्यांना वाटलं. पाऊण मैलाच्या आसपास शॅम तुटला. सेक्रेटरिएट तुटला नाही. वळणावर अंतर वाढत गेलं. शेवटच्या सरळीत कॅमेऱ्याला पुढचा आणि मागचे एका चौकटीत बसवता येईनात. ३१ लेंग्थ. दोन मिनिटं २४ सेकंद. बेलमाँटचा तो विक्रम अजून उभा आहे.

हा व्हिडिओ मी अण्णांना दाखवला तो ते निवृत्त झाल्यावर, माझ्या लॅपटॉपवर. त्यांनी तीनदा बघितला. मला अपेक्षा होती ते वेगाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "जॉकीनं चाबूक काढला न्हाई." खरंच, रॉन टर्कॉटनं चाबूक वापरलाच नव्हता. मग म्हणाले, "मागं कुणी न्हाई, तरी पळतंय. कुणासाठी पळतंय ते?" आणि तिसऱ्यांदा बघताना शर्यत संपल्यानंतरचा भाग पुन्हा लावायला सांगितला, जिथं घोडा परत येतो आणि लोक गोळा होतात. त्यांना मोतद्दार बघायचा होता.

त्या दिवशी दोन डॉलरच्या तिकिटावर दोन डॉलर वीस सेंट मिळत होते. जिंकलेल्या तिकिटांपैकी ५,६१७ वटवलीच गेली नाहीत, लोकांनी ती आठवण म्हणून ठेवून दिली. रेसकोर्सवर माणसं फाटक्या तिकिटांच्या ढिगात आपलं चुकून फेकलेलं तिकीट शोधताना अण्णांनी आयुष्यभर पाहिली होती. या आकड्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. माझ्या मते त्यांनी तो अजूनही मान्य केलेला नाही.

शॅम पाचात पाचवा आला. नंतर महिनाभरातच त्याच्या पायाचं हाड मोडलं आणि तो पुन्हा पळाला नाही. त्याचा पाय शस्त्रक्रियेनं वाचला, तो स्टडवर गेला, तेवीस वर्षं जगला. सगळ्यांचं तसं होत नाही. ज्या घोडीला अण्णा विहिरीचा तंटा सांगत होते तिला ते ठाणात सगुणा म्हणायचे. शर्यतीच्या पुस्तकात तिचं नाव वेगळं, फ्रेंच वगैरे होतं. चांगल्या घरची, आईबाप परदेशी. पुण्याच्या एका पावसाळी शनिवारी शेवटच्या वळणावर तिचा पुढचा पाय घोट्याखाली गेला. घोड्याचा पाय मोडला की तो महिनोन्महिने तीन पायांवर उभा राहू शकत नाही. शरीराचा भार बाकीच्या खुरांना सडवतो. म्हणून पडदे लावतात, डॉक्टर सुई देतो. अण्णा पडद्याच्या आत होते, तिचं डोकं धरून. घरी आले, अंघोळ केली, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला त्यांना त्याच ठाणात दुसरा घोडा दिला गेला. ठाण धुतलेलं होतं. आई म्हणाली, निदान दोन दिवस रजा तरी घ्यायची. अण्णा म्हणाले, "कशाची रजा? माणूस थोडंच गेलंय." हे वाक्य त्यांचं नव्हतं, कुणीतरी त्यांना ऐकवलेलं होतं. ते त्यांनी तसंच्या तसं घरी आणलं होतं.

बेलमाँटनंतरचा सेक्रेटरिएट देव नव्हता. व्हिटनीत तो ओनियन नावाच्या घोड्याकडून हरला, हो, कांदा. वुडवर्डमध्ये प्रूव्ह आउटकडून. पण मधल्या काळात विक्रमही केले, आणि २८ ऑक्टोबर १९७३ ला टोरांटोत, थंडीत, गवतावर, साडेसहा लेंग्थनं शेवटची शर्यत जिंकला. एकवीस शर्यती, सोळा विजय, तीनदा दुसरा, एकदा तिसरा, एकदा चौथा. बक्षिसांची कमाई १३,१६,८०८ डॉलर, म्हणजे हिश्श्यांच्या किमतीच्या पावपटही नाही. सोळा महिन्यांत संपलं. वय साडेतीन.

स्टडवर पोचल्यावर पहिली तपासणी वाईट निघाली. वीर्य पुरेसं पक्व नाही, असा अहवाल. बत्तीस हिस्सेदार पुन्हा अस्वस्थ. खात्री करून घ्यायला त्याला वहीबाहेरच्या घोड्यांवर सोडलं. त्यातली लिओला नावाची ठिपक्याठिपक्यांची अॅपलूसा घोडी गाभण राहिली आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये तिला शिंगरू झालं. शतकातल्या सर्वांत गाजलेल्या घोड्याचं पहिलं अपत्य थरोब्रेड नव्हतं. त्याचं नाव ठेवलं फर्स्ट सेक्रेटरी. वहीत त्याला जागा नव्हती.

बाकीच्या संततीबद्दल थोडक्यात. सहाशेच्या वर पिल्लं; लेडीज सीक्रेट आणि रायझन स्टार यांच्यासारखे काही मोठे, बरेचसे सामान्य. बापासारखा एकही निघाला नाही आणि लोकांनी त्याला अपयशी ठरवलं. मग मुलींची पोरं पळायला लागली. ए. पी. इंडी, स्टॉर्म कॅट, गॉन वेस्ट हे तिघंही त्याच्या मुलींच्या पोटचे, आणि तिघंही पुढे मोठे बाप झाले. हिस्सेदारांनी मुलग्यांवर बोली लावली होती. आपल्याकडेही दुसऱ्या कशाची अपेक्षा करता येत नाही, म्हणून मी यावर हसून सोडून देते.

१९८९ मध्ये त्याला लॅमिनायटिस झाला. खुराच्या आतला, हाड आणि खूर सांधणारा थर सुजतो, सुटतो; उभं राहणंच असह्य होतं. ४ ऑक्टोबरला सुई देण्यात आली. एकोणीस वर्षांचा होता. रेसच्या घोड्याचं फक्त डोकं, काळीज आणि खूर पुरायची तिकडे पद्धत. त्याला अख्खा पुरला. त्याआधी शवविच्छेदन झालं. डॉ. स्वेरचेक यांनी काळीज पाहिलं आणि ते थक्क झाले. साधारण थरोब्रेडचं काळीज चार किलोच्या आसपास. त्यांनी ते वजनकाट्यावर ठेवलं नाही. चार वर्षांनी शॅम मेला, त्याचं काळीज त्यांनी तोललं, आठ किलोच्या वर भरलं. त्यावरून सेक्रेटरिएटचं दहा किलो असावं असा अंदाज केला. रोग नाही, विकृती नाही, नुसतंच मोठं. दोघांच्या आया एकाच घोड्याच्या, प्रिन्सक्विलोच्या मुली. त्यामुळे मोठं काळीज आईकडून येतं अशी एक उपपत्ती निघाली. तिच्यावर भांडणं आहेत. मला त्या उपपत्तीपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं, की त्या दुपारी पाऊण मैल जे दोघं शेजारी पळत होते ती दोन सगळ्यांत मोठी काळजं होती, आणि त्यातल्या एकालाच लोकांनी भित्रा म्हटलं.

एडी स्वेटनं नोव्हेंबर १९७३ मध्ये सेक्रेटरिएट आणि रिव्हा रिज दोघांना विमानातून केंटकीला नेऊन पोचवलं. क्लेबॉर्नच्या माणसांच्या हातात दोर दिला. नंतर भिंतीआड जाऊन रडला, असं त्याला ओळखणारे सांगतात. तो १९९८ मध्ये ल्युकेमियानं गेला, हाताशी फारसं काही नसताना. २००४ मध्ये केंटकी हॉर्स पार्कमध्ये पुतळा उभा राहिला. त्यात घोडा आहे, वर टर्कॉट आहे, आणि पुढे दोर धरून एडी आहे. मोतद्दार असलेले पुतळे मी फार पाहिलेले नाहीत. आपल्याकडे चौकाचौकांत अश्वारूढ पुतळे आहेत, त्यांत घोडा धरणारा कुणी नसतो.

त्या पुतळ्याचा फोटो मी अण्णांना मोठा करून दाखवला. त्यांनी आधी दोर कसा धरलाय ते पाहिलं आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली. विमान, केंटकी, भिंतीआड रडणं, सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आन् दुसऱ्या दिवशी त्याला कुठलं घोडं दिलं?"

दुसऱ्या दिवसाचं मी शोधलं नव्हतं. पण दहा-अकरा वर्षांनंतरचं माहीत होतं. लॉरिनच्या मुलाकडे चीफ्स क्राउन नावाचा एक घोडा होता, १९८४ मध्ये पहिल्यावहिल्या ब्रीडर्स कपची पहिली शर्यत जिंकलेला. त्याचा मोतद्दार एडीच होता. आणि चीफ्स क्राउनची आई ही सेक्रेटरिएटची मुलगी.

"म्हंजे नातू," अण्णा म्हणाले.

"नातू."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "चंदी संपवत हुता का?"